केसगळतीची गोळी: फायदा किती, त्रास किती आणि हे मोजायचं कसं?

मांडवीकाठ
पुरुषांच्या केसगळतीवरच्या औषधांबद्दल आपल्याकडे दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, "गोळी घे, केस परत येतात." दुसरा म्हणतो, "गोळीला हात लावू नकोस, संसाराची वाट लागेल." दोघांनाही आकडे विचारले की विषय बदलतो. म्हणून हा धागा काढतोय.

प्रश्न नेमका मांडतो. वय पंचवीस ते चाळीस, कपाळ दोन्ही कोपऱ्यांतून वर चढलेलं, शेंडीच्या जागी केस विरळ, घरात वडिलांना किंवा मामांना टक्कल. अशा माणसाने फिनास्टराइडची १ मिग्रॅची गोळी घ्यावी, मिनॉक्सिडिल ५ टक्के लावावं, की दोन्ही? गोळीचे दुष्परिणाम शंभरात किती जणांना होतात? औषध लागू पडतंय की नाही हे आरशात कळतं का?

माझं मत असं की सुरुवातीची नोंद केलेली नसेल तर औषध सुरूच करू नये. फायदा इतका सावकाश होतो आणि त्रास इतका आतला असतो की दोन्ही आठवणीवर सोडले तर हिशेब हमखास चुकतो. पटत नसेल तर जरूर खोडून काढा. तेलांच्या जाहिराती मात्र नकोत.

औषधवाला_फोंडा
चांगला विषय. आधी औषध काय करतं ते पाहू, मग आकडे.

टेस्टोस्टेरॉनपासून शरीरात डीएचटी नावाचं संप्रेरक बनतं. ते बनवणाऱ्या विकराचं, म्हणजे एन्झाइमचं, नाव ५-अल्फा रिडक्टेज. ज्याच्या जनुकांत हा कल आहे, त्याच्या माथ्यावरची केसांची मुळं डीएचटीमुळे दर फेरीला लहान होत जातात. जाड केसाच्या जागी बारीक केस येतो, मग लव, मग काहीच नाही. मागचे आणि कानांवरचे केस याला दाद देत नाहीत, म्हणून तिथली झालर शेवटपर्यंत टिकते. फिनास्टराइड या विकराचा दुसरा प्रकार अडवतं. रक्तातलं डीएचटी साधारण ६५ ते ७० टक्के उतरतं. मिनॉक्सिडिल संप्रेरकाला हात लावत नाही, ते केसाचा वाढीचा काळ लांबवतं. म्हणून दोन्ही एकत्र दिली जातात. कामं वेगळी आहेत.

आता फायदा. १ मिग्रॅच्या मूळ चाचण्यांत १८ ते ४१ वयाचे १,५५३ पुरुष होते. शेंडीजवळच्या एक इंच व्यासाच्या वर्तुळातले केस मोजले. सुरुवातीला सरासरी ८७६ होते. दोन वर्षांनी गोळीवाले आणि औषध नसलेली, नुसती साखरेची गोळी घेणारे यांच्यात १३८ केसांचा फरक पडला, पाच वर्षांनी २७७ चा. दोन वर्षांत केसांची संख्या घटली नाही असे लोक गोळीवाल्यांत ८३ टक्के, दुसऱ्या गटात २८ टक्के.

ही २७७ ची दरी नीट समजून घ्या. त्यातला मोठा भाग नवीन उगवलेल्या केसांचा नाही. दुसऱ्या गटाचे केस जात राहिले म्हणून दरी रुंदावत गेली. गोळीचा खरा फायदा म्हणजे न गेलेले केस, आणि न गेलेले केस आरशात दिसत नाहीत. म्हणूनच दोन वर्षं गोळी घेणारा माणूस "काही फरक नाही" म्हणून ती सोडतो आणि पुढच्या वर्षभरात जे वाचलं होतं ते गमावतो.

सुशेगाद_साखळी
आणि त्रासाचे आकडे?

औषधवाला_फोंडा
त्याच चाचण्यांतले, पहिल्या वर्षाचे. कामेच्छा कमी होणं: गोळीवर १.८ टक्के, साखरेच्या गोळीवर १.३. ताठरतेचा त्रास: १.३ आणि ०.७. स्खलनाची तक्रार, यात वीर्य कमी येणंही धरलेलं आहे: १.२ आणि ०.७. यातलं काहीतरी एक झालं असे एकूण ३.८ टक्के, समोर २.१ टक्के. पाचव्या वर्षी अशा तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांवर किंवा त्याखाली होतं. छातीत गाठ किंवा दुखणं क्वचित होतं, पण होतं. स्तनाग्रामागे कडक चकती लागली तर "जाईल आपोआप" म्हणून थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

सुशेगाद_साखळी
३.८ वजा २.१ म्हणजे १.७. शंभरात दोनसुद्धा नाहीत. मग एवढा बाऊ कशाला?

मठग्रामकर
बाऊ नाही, पण ही वजाबाकी करून विषय संपत नाही. माझे तीन आक्षेप आहेत.

पहिला. त्या चाचण्यांत निरोगी, तरुण माणसं निवडून घेतली होती. ज्याला आधीच नैराश्य आहे किंवा ताठरतेची तक्रार आहे, त्याला तो १.७ चा आकडा लागू होत नाही.

दुसरा. गोळी बंद केल्यावरही त्रास उरतो का, हे शोधण्यासाठी त्या चाचण्या आखलेल्याच नव्हत्या. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर जातो. पण काहींनी तो टिकून राहिल्याचं कळवलं, आणि २०१२ साली अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने तशी नोंद माहितीपत्रकात घालायला लावली. हे किती जणांना होतं याचा भरवशाचा आकडा नाही आणि कारणही सिद्ध झालेलं नाही. मेंदूतल्या अॅलोप्रेग्नॅनोलोन या स्टेरॉइडवर याच विकराचा परिणाम होतो, तिथे धागा शोधला जातोय. आकडा नाही याचा अर्थ शून्य असा घेऊ नये.

तिसरा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा, मनाचा. २०२२ मध्ये एफडीएने आत्महत्येच्या विचारांची नोंद माहितीपत्रकात घालायला सांगितली. मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध संस्थेने १ आणि ५ मिग्रॅ दोन्ही गोळ्यांसाठी हा दुष्परिणाम म्हणून मान्य केला. सोबत हेही सांगितलं की फायदा अजूनही धोक्यापेक्षा जास्त आहे. दोन्ही वाक्यं एकत्र वाचायची. एक उचलून दुसरं टाकायचं नाही.

तीर_चिंबल
मठग्रामकर, धन्यवाद. फार्मसीत गोळी मागितली तर हे सगळं कोणी सांगत नाही.

कळंगुट_क
पण मनाचा खेळही आहेच ना? माणूस वाचून घाबरतो आणि मग खरंच त्रास होतो.

औषधवाला_फोंडा
तेही मोजलेलं आहे. इटलीतल्या २००७ च्या अभ्यासात प्रोस्टेट वाढलेल्या १२० पुरुषांना ५ मिग्रॅ फिनास्टराइड दिलं. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, निम्म्यांना नाही. कल्पना दिलेल्यांत ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, न दिलेल्यांत १५.३ टक्क्यांनी.

मठग्रामकर
बरोबर, पण यातून "सगळं मनाचंच" असं निघत नाही. न सांगितलेल्यांतही १५.३ टक्के होतेच. आणि भीतीमुळे झालेला त्रास हाही त्रासच, तो सोसणाऱ्याला तितकाच खरा. रुग्णाला न सांगणं हा त्यावरचा उपाय होऊ शकत नाही. सुरू करायच्या आधीची स्थिती लिहून ठेवणं हा आहे. इथे मी मांडवीकाठ यांच्या बाजूने.

पेडण्याचा_पाव्हणा
माझ्या मते सगळ्यात स्वस्त औषध म्हणजे न्हाव्याचं मशीन. नंबर शून्य, विषय संपला.

मांडवीकाठ
पाव्हणे, हा पर्यायही पूर्ण मानाचा आहे आणि त्याला दुष्परिणाम एकच, ऊन. विरळ डोक्यावर उन्हाने कातडी जळते, टोपी किंवा सनस्क्रीन हवं. ज्याला टक्कल खुपत नाही त्याने औषध घ्यायचं काहीच कारण नाही. हा आजार जिवावरचा नाही. म्हणूनच दुष्परिणामांचं माप इथे जास्त कडक लावायला हवं.

ताळगावची_लेक
पुरुषांच्या धाग्यावर मध्येच बोलते, पण हे घरातल्या बायांशी संबंधित आहे. फिनास्टराइडची फुटलेली किंवा चुरलेली गोळी गरोदर बाईने हाताळू नये. गर्भ मुलाचा असेल तर त्याच्या जननेंद्रियांच्या घडणीत दोष येऊ शकतो. अख्ख्या गोळीवर पातळ आवरण असतं, त्यामुळे ती हाताला लागली म्हणून घाबरायचं कारण नाही. धोका चुऱ्याचा.

हे लिहायचं कारण म्हणजे पैसे वाचवायला ५ मिग्रॅची गोळी घेऊन तिचे चार तुकडे करणारे बरेच आहेत. औषधाच्या दृष्टीने ते चालून जातं, तुकडा सव्वा मिग्रॅचा होतो, थोडं कमी-जास्त झालं तरी परिणामात फरक पडत नाही. पण सुरीने ओट्यावर कापू नका. गोळी कापायची डबी मिळते, ती फक्त याच कामाला ठेवा, पूड ओल्या कागदाने पुसून टाका आणि तुकडे झाकणाच्या वेगळ्या डबीत ठेवा. घरात कोणी गरोदर असेल किंवा तसा विचार असेल तर कापाकापी बंद, सरळ १ मिग्रॅची अख्खी गोळी.

सुशेगाद_साखळी
मूल हवं असेल तर बापाने गोळी बंद करावी का?

ताळगावची_लेक
वीर्यातून बाईपर्यंत पोचणारं औषध अगदी नगण्य असतं. प्रश्न शुक्राणूंचा आहे. बहुतेकांना फरक पडत नाही, पण काहींची संख्या घटते, मुख्यतः ज्यांची मुळातच कमी असते त्यांची. शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. म्हणून गोळी थांबवून लगेच तपासणी करून उपयोग नाही, तीन महिन्यांनी करावी. वर्षभरात मूल हवं असेल तर गोळी सुरू करण्याआधीच एकदा वीर्यतपासणी करून घेणं शहाणपणाचं.

बोटीवरचा_गडी
बरें. माझा प्रश्न बोटीवर असणाऱ्यांसाठी. सहा-आठ महिने सलग बाहेर. औषध संपलं तर?

औषधवाला_फोंडा
गडीबाब, हा आपल्याकडचा नेहमीचा प्रश्न, नीट उत्तर देतो.

गोळी नेणं सोपं. महिन्याला ३० याप्रमाणे मोजा, वर एक महिन्याच्या जास्त घ्या, मूळ पाकिटातच ठेवा, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी, तिच्यात औषधाचं मूळ नाव लिहिलेलं. ब्रँडचं नाव परदेशी बंदरात कोणाला कळत नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घेऊ नका. रक्तातून औषध काही तासांत उतरतं, पण डीएचटी पूर्ववत व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. एक-दोन दिवसांनी काही बिघडत नाही.

मिनॉक्सिडिलची कटकट आहे. दिवसाला दोनदा १ मिली म्हणजे ६० मिलीची बाटली बरोबर महिनाभर. आठ महिन्यांच्या आठ बाटल्या, आणि द्रावणात अल्कोहोल असल्याने ते ज्वालाग्राही. विमानाच्या सामानात आणि बोटीवर दोन्हीकडे नियम विचारून घ्या. मध्येच तीन-चार महिने बंद पडलं तर मिळालेली वाढ गळून जाते. सलग पुरवठा जमणार नसेल तर बोटीवर फक्त गोळीवर राहणं जास्त व्यवहार्य, हे माझं मत. डॉक्टरांशी बोलून ठरवा.

आणि रक्तदान. फिनास्टराइड थांबवून एक महिना होईपर्यंत करू नये. ड्युटास्टराइड, म्हणजे याच जातीचं जास्त जोरदार औषध, असेल तर सहा महिने.

कळंगुट_क
मिनॉक्सिडिल लावायची पद्धत कोणीतरी नीट सांगा. निम्मे लोक ते तेलासारखं चोपडतात.

मळ्याबाहेर
सांगतो. केस आणि डोक्याची कातडी पूर्ण कोरडी हवी. पावसाळ्यात हेल्मेट काढल्या काढल्या घामेजल्या डोक्यावर लावलं तर ते पातळ होऊन कपाळावर उतरतं आणि नको तिथे, गालावर, भुवयांत लव येते. टॉवेलने टिपा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा, मग लावा.

बोटांनी भांग पाडा, ड्रॉपर कातडीला जवळजवळ टेकवून १ मिली चार-पाच ओळींत सोडा, मग बोटाच्या टोकांनी पसरा. केसांना लागलेलं औषध वाया गेलं समजा. हात साबणाने धुवा. चार तास डोकं भिजवायचं नाही, म्हणजे समुद्रात पोहायला जाणार असाल तर आधी पोहा, न्हा, डोकं सुकवा, मग औषध. रात्रीचा हात झोपण्याच्या दोन तास आधी, नाहीतर ते उशीला लागून चेहऱ्यावर येतं.

जास्त लावून जास्त केस येत नाहीत, फक्त छातीत धडधड वाढते. मुळात हे रक्तदाब उतरवायचं औषध, १९७९ पासून गोळीच्या रूपात होतं. अंगावर केस वाढताना दिसले म्हणून १९८८ मध्ये डोक्याला लावायचं झालं. धडधड, चक्कर, पायाला सूज आली तर थांबवा आणि दाखवा.

खाज सुटली, कोंड्यासारखे पापुद्रे आले तर बहुतेक वेळा दोष द्रावणातल्या प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो, मिनॉक्सिडिलचा नाही. मिनॉक्सिडिलच्या फेसात ते नसतं, म्हणून फेसावर जा. आपल्या हवेत फेस बोटांवरच विरघळतो, तेव्हा आधी बोटं गार पाण्याखाली धरून पुसून घ्या.

आणि दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात केस जास्त गळतात. जुने, विश्रांतीतले केस नव्या केसांना जागा देतात म्हणून. तिथेच घाबरून सोडणारे सगळ्यात जास्त. चार महिने झाल्याशिवाय मत बनवू नका.

ताळगावची_लेक
मांजरं असतील तर एक भर. मिनॉक्सिडिल मांजराला विषारी आहे, थोडंसं चाटलं तरी जीव जाऊ शकतो. बाटलीचं सांडलेलं, उशीचा अभ्रा, औषध लावलेलं डोकं, सगळ्यापासून मांजर लांब ठेवा. आपल्याकडे घराघरांत मांजर उशाशी झोपतं.

मळ्याबाहेर
हे मला लिहायलाच हवं होतं. +१

आगरवाडो_११
खोबरेल आणि माक्याचं तेल याबद्दल कोणीच बोलत नाही? आमच्या आज्यांचे केस काय उगाच गुडघ्यापर्यंत होते का?

मठग्रामकर
खोबरेल तेलाने केसाची झीज कमी होते, धुताना प्रथिनं कमी निघतात, केस तुटत नाही. हे खरं आणि उपयोगाचं. पण ते केसाचं काम. मुळाशी चाललेल्या डीएचटीच्या कामात तेल काही करू शकत नाही. माक्याचे काही प्रयोग उंदरांवर झालेत, पुरुषी टकलावर गोळीइतका पुरावा नाही. तेल लावायचंच तर न्हायच्या आधी तासभर लावा आणि धुऊन टाका. तेलावर मिनॉक्सिडिल लावलं तर ते कातडीपर्यंत पोचत नाही.

बोअरवेलच्या पाण्याचंही तसंच. जड, खारट पाण्याने केस राठ होतात, तुटतात. टक्कल त्याने पडत नाही. हेल्मेटनेही नाही.

तीर_चिंबल
पण पावसाळ्यात डेंगू झाल्यावर मूठभर केस जातात त्याचं काय? त्याला गोळी घ्यावी का?

मठग्रामकर
नाही. तो वेगळा प्रकार. मोठ्या तापानंतर, ऑपरेशननंतर, झपाट्याने वजन उतरल्यावर दोन-तीन महिन्यांनी सगळ्या डोक्यावरून केस गळतात आणि बहुधा सहा महिन्यांत आपोआप भरून येतात. नेमकं तेव्हाच कोणी मिनॉक्सिडिल किंवा बायोटिन सुरू करतो आणि निसर्गाच्या कामाचं श्रेय बाटलीला जातं. नाण्याएवढा गोल गुळगुळीत चट्टा पडला तर ती चाई, तिचे उपचार निराळे. फिनास्टराइड या दोन्हींवर नाही. म्हणून पहिलं काम निदान. त्वचारोगतज्ज्ञ भिंगाच्या यंत्रातून बघतात, एकाच भागात जाड-बारीक केसांची सरमिसळ दिसली की पुरुषी टक्कल. बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवता येतं. शंका असेल तर थायरॉइड आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासतात.

बायोटिनचा विषय निघालाच आहे तर, रक्त तपासायला जाताना ते घेत असल्याचं सांगा. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या आणि हृदयाच्या ट्रोपोनिनच्या चाचणीत चुकीचे आकडे दाखवतं.

फातोर्ड्याचा_गोली
जरा वेगळा प्रश्न. लीगमध्ये खेळणाऱ्याने ही गोळी घेतली तर डोपिंगमध्ये सापडेल का? रोमारियोचं काहीतरी झालं होतं ना?

औषधवाला_फोंडा
झालं होतं. २००७ च्या शेवटी ब्राझीलचा फुटबॉलपटू रोमारियो याच्या चाचणीत फिनास्टराइड निघालं. त्याने केसांसाठी घेतल्याचं सांगितलं, १२० दिवसांची बंदी आली आणि २००८ मध्ये ती उठली. तेव्हा हे औषध बंदी घातलेल्यांच्या यादीत होतं, कारण ते स्टेरॉइडच्या खुणा झाकू शकतं असं मानत. १ जानेवारी २००९ पासून ते यादीतून काढलेलं आहे. तरी चाचणीच्या फॉर्मवर घेत असलेली औषधं लिहावीत.

फातोर्ड्याचा_गोली
म्हणजे आता गोल खाल्ला तर दोष गोळीला देता येणार नाही. देव बरें करूं!

कळंगुट_क
सलूनवाले आणि ऑनलाइनवाले हल्ली मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड एकत्र असलेलं लोशन देतात. "पोटात जात नाही म्हणून दुष्परिणाम नाही" म्हणतात. खरं का?

औषधवाला_फोंडा
नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. गणित करा. ०.१ टक्का फिनास्टराइडच्या १ मिलीत १ मिग्रॅ औषध असतं. दिवसातून दोनदा म्हणजे २ मिग्रॅ कातडीवर. सगळं आत जात नाही, पण जातं. युरोपात ०.२५ टक्क्याचा फवारा आहे. त्याच्या चाचणीत एका वेळी ५० मायक्रोलिटरचे जास्तीत जास्त चार फवारे दिले, म्हणजे अर्ध्या मिग्रॅच्या आसपास. तेवढ्यानेही रक्तातलं डीएचटी साधारण ३५ टक्के उतरलं, गोळीने ५६. कमी आहे, शून्य नाही. एप्रिल २०२५ मध्ये एफडीएने अशा बनवून दिलेल्या लोशनांबद्दल इशारा दिला, २०१९ ते २०२४ मधल्या ३२ तक्रारींचा हवाला देऊन.

लोशनवाल्याने गोळीवाल्याइतकीच काळजी घ्यायची. वर आणखी एक, ओलं डोकं गरोदर बायकोच्या किंवा लहान मुलाच्या अंगाला लागू द्यायचं नाही.

सुशेगाद_साखळी
ड्युटास्टराइड जास्त जोरदार म्हणतात. मग थेट तेच का नको?

मठग्रामकर
जोरदार आहे. विकराचे दोन्ही प्रकार अडवतं, डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त उतरतं. केसांसाठी दक्षिण कोरिया आणि जपानमध्ये मान्यता आहे. पण त्याचं अर्धआयुष्य, म्हणजे अंगातलं औषध निम्मं व्हायला लागणारा काळ, साधारण पाच आठवडे. त्रास झाला आणि गोळी थांबवली तरी औषध कित्येक महिने अंगात राहतं. पहिल्यांदा घेणाऱ्याने परतीची वाट लवकर मिळेल असं औषध घ्यावं, म्हणून आधी फिनास्टराइड.

जाता जाता, मात्रा अर्धी केली म्हणजे त्रास अर्धा होतो हाही समज चुकीचा. ०.२ मिग्रॅनेसुद्धा डीएचटी जवळजवळ १ मिग्रॅइतकंच उतरतं.

तीर_चिंबल
मिनॉक्सिडिलची गोळी?

मळ्याबाहेर
केसांसाठी अधिकृत मान्यता नसताना डॉक्टर आपल्या जबाबदारीवर देतात, पुरुषांना बहुधा २.५ ते ५ मिग्रॅ. १,४०४ रुग्णांच्या नोंदींत अंगावर केस वाढणं १५.१ टक्के, चक्कर १.७, सूज १.३, धडधड ०.९. २०२४ मध्ये ब्राझीलच्या चाचणीत ५ मिग्रॅची गोळी लावायच्या ५ टक्क्यांपेक्षा सरस ठरली नाही. फायदा सोयीचा आहे, जोराचा नाही. हृदयविकार असेल किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर स्वतःच्या मनाने अजिबात नको.

त्यापेक्षा मुंबईतलं २०१३ चं काम बघा. सायनच्या महापालिका रुग्णालयात १०० पुरुषांवर १२ आठवडे. एका गटाला नुसतं मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला त्यासोबत आठवड्यातून एकदा दीड मिमी सुयांचा रोलर. वाढलेले केस अनुक्रमे सरासरी २२ आणि ९१. रोलर फिरवल्यावर २४ तास मिनॉक्सिडिल लावत नाहीत, नाहीतर ते थेट रक्तात जातं. दीड मिमीचं काम निर्जंतुक सुईने डॉक्टरांकडेच करा. बाजारातला रोलर न्हाणीघरात महिनोन् महिने ठेवून वापरला तर जखमा चिघळतात.

पेडण्याचा_पाव्हणा
आणि केशरोपण? ते केलं की औषधातून सुटका?

मठग्रामकर
उलट. लावलेले केस मागच्या भागातले असल्याने टिकतात, पण त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस जातच राहतात. औषध बंद केलं तर काही वर्षांनी पुढे लावलेल्या केसांची पट्टी आणि मागे रिकामी जागा उरते. पंचविशीत रोपणाची घाई नको हे म्हणूनच.

मांडवीकाठ
आता मूळ प्रश्नावर येऊ. नोंद कशी ठेवायची, कोणी नेमकं सांगेल का? "फोटो काढा" एवढं पुरत नाही.

औषधवाला_फोंडा
फोटो चार: समोरून केस मागे ओढून, दोन्ही कानशिलं, आणि वरून शेंडीची जागा. केस कोरडे, दर वेळी कापल्यावर तितक्याच दिवसांनी, एकाच खिडकीपाशी, एकाच वेळी, फ्लॅश बंद. ओल्या केसांचा फोटो कोरड्याशी ताडून पाहिला की औषध निकामी वाटतं, आणि जाहिरातीत नेमकं उलटं करून ते कामाचं दाखवतात. दर तीन महिन्यांनी एक संच. मध्ये रोज आरसा बघून निष्कर्ष काढायचा नाही. गोळीचा निवाडा बारा महिन्यांनी.

शरीराची नोंद: ताठरतेसाठी पाच प्रश्नांची प्रमाणित प्रश्नावली आहे, आयआयईएफ-५. गुण ५ ते २५, २२ किंवा त्याहून वर ठीक. गोळीच्या आधी भरा, तारीख घाला, तीन महिन्यांनी पुन्हा. आधीच १८ असेल तर पुढे आलेले १८ गोळीच्या माथी मारता येणार नाहीत. आधी २४ आणि नंतर १७ झाले तर "मनाचा खेळ" म्हणून कोणी उडवून लावू शकणार नाही.

चाळिशी ओलांडलेल्यांनी पीएसए, म्हणजे प्रोस्टेटची रक्तचाचणी, आधी करून ठेवा. फिनास्टराइडने तो आकडा साधारण निम्मा होतो. पुढे कधी तपासला तर डॉक्टर दुप्पट करून वाचतात, पण तुम्ही गोळीचं सांगितलं तरच. लपवलं तर प्रोस्टेटचा कर्करोग नजरेआड राहू शकतो.

मठग्रामकर
मनाची नोंदही तितकीच आवश्यक. पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची यादी, गुण ० ते २७. आधीच दहा किंवा वर असतील तर गोळी बाजूला ठेवा, आधी मनाचे उपचार. पहिले सहा महिने दर महिन्याला भरा. नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर गोळी त्याच दिवशी बंद आणि डॉक्टरांकडे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. घरातल्या एका माणसाला गोळीचं सांगून ठेवा. चिडचिड, झोप उडणं, गप्प होणं हे घेणाऱ्याआधी घरच्यांना दिसतं. लाजेने लपवून घेतलेली गोळी हीच सगळ्यात धोक्याची.

सुशेगाद_साखळी
माझी १.७ ची वजाबाकी अपुरी होती हे पटलं. पण मग निर्णय काय, मांडवीकाठ?

मांडवीकाठ
सगळ्यांचं वाचून असं मांडतो. निदान पक्कं, मन ठीक, वर्षभरात मुलाचा विचार नाही आणि केस जाणं खरोखर खुपतंय, तर नोंद करून दोन्ही औषधं. पण एकाच दिवशी सुरू करू नका. आधी एक, तीन-चार महिन्यांनी दुसरं, नाहीतर त्रास कुणाचा ते कळत नाही. मनाबद्दल शंका असेल तर फक्त मिनॉक्सिडिल. रोज लावण्याचा कंटाळा येणार हे आधीच माहीत असेल, तर बाटली घेऊच नये.

बोटीवरचा_गडी
आणि सुरू करायची वेळ? सुट्टीवर आल्यावर की बोटीवर चढताना?

औषधवाला_फोंडा
सुट्टीवर आल्या आल्या, गडीबाब. पहिल्या तीन महिन्यांत त्रास झालाच तर डॉक्टर, तपासणी आणि घरचं माणूस हाताशी हवं. चढायला पंधरा दिवस उरले असतील तर फक्त फोटो आणि प्रश्नावल्या करून ठेवा, गोळी पुढच्या सुट्टीत.